निळी हळद

“निळा हा रंग नव्हे. निळा म्हणजे माणसानं देवाकडे केलेला आणि उत्तर न आलेला अर्ज,” असं म्हणून डॉ. शैलेश उकिडवे माझ्या स्कॅनरवर बसले.

त्यांचा दोष नव्हता. धूळ बसू नये म्हणून स्कॅनरवर मी बायकोच्या जुन्या साडीचा तुकडा टाकून ठेवायचो, आणि खोलीतल्या दोन्ही खुर्च्यांवर आधीच माणसं होती. यंत्रानं आतून बारीक कुरकुर केली. डॉक्टरांना ती दाद वाटली असावी, कारण ते उठले नाहीत.

“डॉक्टरसाहेब, त्याला आत काच आहे,” मी म्हणालो.

“ती आपल्या सगळ्यांनाच असते,” ते म्हणाले. मग एकदा खाली बघून उठले.

एका खुर्चीवर भूपाल शिरगुप्पे होते. आमच्या हायस्कूलचे निवृत्त ड्रॉइंग मास्तर. मी आठवीत काढलेल्या आंब्याखाली त्यांनी लाल शाईनं ‘वांगे चांगले आहे’ असा शेरा दिला होता, तेव्हापासून मी लिहायला लागलो. दुसऱ्या खुर्चीवर त्यांच्या पत्नी सुमतीकाकू, मांडीवर कापडी पिशवी धरून, एसटीत बसल्यासारख्या बसल्या होत्या.

अर्जाचा उच्चार ज्यामुळे झाला ते चित्र समोर पडद्यावर होतं. गडद निळा काळोख, त्यात एक गोल भोक, आणि त्या भोकातून कमरेपर्यंत वर आलेला एक उघडा माणूस. खांदे निळे, डोकं निळं, तोंड वर केलेलं.

“‘विहीर’ मालिकेतलं सर्वश्रेष्ठ चित्र,” डॉक्टर म्हणाले. “हा माणूस पाण्यातून वर येतोय की पाण्यात चाललाय, हे चित्रकार सांगत नाही. तिथंच त्याचं मोठेपण आहे.”

“ते आमचे आप्पा,” काकू म्हणाल्या.

“अं?”

“माझे वडील. आन् विहीर नव्हं ती. हळदीचं पेव आहे.”

डॉक्टरांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत होते. “ही म्हणते तसंही असेल,” ते म्हणाले. “माझे डोळे आता तेवढे राहिले नाहीत.”

“अर्थ अनेकपदरी असतो,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं. पेव लिहिलं की अनेकपदरी लिहिलं, ते मला दिसलं नाही.

सांगलीच्या बाहेरच्यांना पेव म्हणजे काय ते सांगायला हवं. शेजारच्या हरिपुरात पूर्वी हळद जमिनीच्या पोटात साठवत. वरून तोंड एवढंच, की एक माणूस आत उतरेल. खाली पोट खोलीएवढं. उघडताना आधी तोंड मोकळं ठेवून आतली कोंडलेली हवा जाऊ द्यायची, मग दोरानं कंदील सोडून बघायचा. विझला नाही तर माणूस सोडायचा. सुमतीकाकूंचे वडील बाबगोंडा आप्पा या पेवांवर मुकादम होते आणि मुकादम असूनही पहिल्यांदा स्वतः उतरत. नवे जावई असताना शिरगुप्पे सर दर रविवारी तिथं जाऊन बसत. त्यातून चित्रांची एक मोठी मालिका झाली. मोठमोठ्या फळ्यांवर, तेलरंगात.

ती चित्रं आता नाहीत. दोन हजार पाचच्या पुरात कृष्णा सरांच्या तळमजल्यात येऊन राहिली, आणि जाताना फळ्या ठेवून रंग घेऊन गेली. हरिपूरची पेवंही त्याच पुरात गेली. उरला फक्त माळ्यावरचा बिस्किटांचा डबा. त्यात त्या चित्रांच्या स्लाइड्स होत्या. शेजारचा एक इंजिनिअर फार वर्षांपूर्वी अमेरिकेहून सुट्टीवर आला तेव्हा त्यानं हौसेनं काढलेल्या, तिकडून आणलेल्या फिल्मवर.

पुण्याचे कलासमीक्षक उकिडवे सांगलीत दुसऱ्याच कुठल्या विषयावर व्याख्यानाला आले असताना त्यांना हा डबा सापडला. सापडला म्हणजे सरांनी दाखवला. त्यांनी काही स्लाइड्स स्वतःच्या हातानं नेऊन आपल्या संस्थेत स्कॅन करून परत आणून दिल्या, पडद्यावर निळाई पाहिली, आणि तिच्यावर दोन परिसंवादांत बोलले. कृष्णाकाठी एक शाळामास्तर आयुष्यभर कुणालाही न सांगता फक्त निळं रंगवत होता, ही बातमी पुण्यात फार आवडली. एक विश्वस्त संस्था मोठं पुस्तक काढायला आणि प्रदर्शन भरवायला तयार झाली. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शिरगुप्पे सर चित्रकार होणार होते.

अडचण एकच होती. अख्खा डबा सांगलीबाहेर पाठवायला सर तयार नव्हते. “पुरातून वाचलेली वस्तू मी कुरिअरवाल्याच्या हातात देणार नाही,” ते म्हणाले. म्हणून काम माझ्याकडे आलं. एका दैनिकाच्या प्रोसेस विभागात माझी नोकरी झाली होती. सहा दिवस मी पुढाऱ्यांच्या फोटोंचे रंग सुधारायचो आणि सातव्या दिवशी त्याच पुढाऱ्यांवर स्तंभ लिहायचो. निवृत्त झालो तेव्हा दोन्हीतलं फक्त यंत्र बरोबर आणता आलं.

“हा नमुना,” उकिडवे जाताना म्हणाले आणि निळ्या आप्पांचा एक प्रिंट माझ्या टेबलावर ठेवला. “सगळं याच्याशी जुळलं पाहिजे. आमचा स्कॅनर रीतसर कॅलिब्रेट केलेला आहे. त्याचं प्रमाणपत्र सोबत आहे.”

प्रमाणपत्रावर गोल शिक्का होता. तोही निळा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी डब्यातून आप्पांची स्लाइड चिमट्यानं उचलली आणि धूळ बघायला खिडकीशी धरली. कुणीतरी तोंडावर भंडारा उधळावा तसं झालं. तपकिरी काळोखातून एक पिवळाधमक माणूस वर येत होता. खांद्यांवर हळद, भुवयांवर हळद, उजेडाच्या तिरिपेत उडणारी हळद. मी चष्मा पुसला. टेबलावरचा नमुना पाहिला. तो निळाच होता. परत स्लाइड पाहिली.

मला कोडं वगैरे पडलं नाही. हा आजार माझ्या ओळखीचा होता. स्कॅनर प्रत्येक फिल्मकडे वेगळ्या डोळ्यानं बघतो. म्हणून कामाआधी त्याला रंगीत चौकोनांची एक छोटी स्लाइड दाखवायची. त्यातला प्रत्येक चौकोन खरा किती लाल, किती हिरवा, हे कारखान्यानं आधीच मोजून दिलेलं असतं. यंत्राला काय दिसलं आणि खरं काय होतं, यांची तुलना करून यंत्र कुठं आणि किती खोटं बोलतं याचा हिशेब मांडायचा. त्या हिशेबाला प्रोफाइल म्हणतात. पुढच्या प्रत्येक स्कॅनमधून तेवढं खोटं वजा होतं. माणसांचं असं प्रोफाइल काढता आलं असतं तर माझा स्तंभ पहिल्याच वर्षी बंद पडला असता.

अट एवढीच, की चौकोनांची स्लाइड त्याच जातीच्या फिल्मची हवी. उकिडव्यांच्या संस्थेनं आपल्याकडच्या नेहमीच्या फिल्मचे चौकोन वापरले होते. सरांच्या स्लाइड्स त्या जुन्या अमेरिकी फिल्मवर होत्या. तिचे रंग डोळ्याला ठीक दिसतात, यंत्राला नाही. तिचा काळोख यंत्राला निळा वाटतो, आणि एवढा निळा शिरला की पिवळ्याची राख होते. प्रमाणपत्र अगदी खरं होतं. त्यांचा स्कॅनर बिनचूक होता, फक्त दुसऱ्या कुणाच्या तरी स्लाइड्ससाठी.

त्या अमेरिकी फिल्मचे चौकोन माझ्याकडे होते. दैनिकात असतानाचे, उजेडानं उतरू नयेत म्हणून काळ्या लिफाफ्यात जपलेले. मी यंत्राचा दिवा तापू दिला. स्कॅनरला स्वतःची थोडी अक्कल असते, न विचारता रंग सुधारायची. ती आधी बंद केली. संपादकांच्या बाबतीत ही सोय नव्हती. चौकोन स्कॅन केले, प्रोफाइल बनवलं, आणि खालची करड्या रंगाची पट्टी तपासली. करडा करडाच आला, निळा नाही, पिवळा नाही. तसं झालं की यंत्र शुद्धीवर आलं असं समजायचं. मग आप्पांना आत घातलं.

दुपारी सर आणि काकू रिक्षानं आले.

काकू पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी बोट पुढं केलं, पण काचेला लावलं नाही.

“कानामागं बघ मुकुंदा,” त्या मला म्हणाल्या. “तिथली कधी जायचीच नाही. आई राख लावून घासायची. आमचं मांजर पिवळं, आमची उशी पिवळी. शाळेत पोरी मला चिडवायच्या, भंडाऱ्याची पिशवी म्हणून.”

“एवढी हळद?”

“वारले तेव्हा आंघोळ घातली, तर पाणी पिवळं गेलं. घागरीवर घागर ओतली तरी पिवळंच. शेवटी आई म्हणाली, असू द्या. लग्नात असेच दिसत होते.”

त्या पुन्हा पडद्याकडे वळल्या. “फोटो एक नाही त्यांचा. मुकादमाचा कोण काढणार? हे एवढंच. आणि त्या पुण्याच्या माणसानं बुडवून ठेवलंय त्यांना.”

सर खुर्चीवर होते, पडद्यापासून चांगले लांब. “खाली डावीकडं केस पडलाय स्लाइडवर,” ते म्हणाले. “काढ तो.”

मी पडद्याला नाक लावलं तरी मला केस दिसेना. चित्र मोठं करून पाहिलं तेव्हा दिसला. बारीक, पांढरा.

“सर, तुमचे डोळे म्हणे...”

“डोळ्यांना काय धाड भरलीय?” काकू म्हणाल्या. “दोन्ही मोतीबिंदू कधीच काढले. माझ्या सुईत दोरा तेच ओवतात.”

सरांनी पाणी मागितलं. मी दिलं. ते सावकाश प्यायले.

“रंग बरोबर आलेत का सर?”

“बरोबर आहेत.” त्यांनी पेला खाली ठेवला. “आप्पांच्या खांद्याचा पिवळा कोरडा होता आणि धोतराचा घामानं भिजलेला. ते वेगळे काढायला मला सगळा उन्हाळा गेला होता. इथं वेगळे दिसतायत.” थोडं थांबून त्यांनी विचारलं, “उकिडव्यांना कळवलंस?”

“अजून नाही.”

“कळवायलाच पाहिजे का?”

“कळवायला नको?” काकू म्हणाल्या.

मला वाटलं, सरांना संकोच वाटतोय. पुण्याच्या माणसाची चूक काढायची म्हणजे त्यांना जड जाणार. सरांना मी शाळेपासून भिडस्त समजत आलो होतो. मी त्यांच्यादेखत फोन लावला.

उकिडवे आठवड्याच्या आत आले. सर आणि काकू आधीच येऊन बसले होते. या वेळी मी शेजाऱ्यांकडून एक स्टूल आणून ठेवलं होतं, पण डॉक्टर उभेच राहिले. पडद्यावरच्या पिवळ्या आप्पांकडे त्यांनी मान एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलती करून पाहिलं.

“हे काय आहे?”

“चित्र,” मी म्हणालो.

“नमुन्याशी जुळवायचं ठरलं होतं.”

मी आप्पांची स्लाइड उचलून त्यांच्या हातात दिली आणि खिडकी दाखवली. डॉक्टरांनी ती उजेडाला धरली. ज्या चित्रावर ते दोन परिसंवादांत बोलले होते ते त्यांनी बहुधा प्रथमच पाहिलं. मला वाटलं होतं, ते वाद घालतील. त्यांनी घातला नाही.

“हो,” ते म्हणाले. “पिवळं आहे.”

“मग?”

“पण पुस्तकात स्लाइड छापत नाहीत हो. स्कॅन छापतात.”

ते स्टुलावर बसले. एकदम थकलेले दिसले. “हुपरीकर, तुम्ही विनोदी लिहिता. तुम्हाला कळेल. मी विश्वस्तांना काय दिलंय? निळा एकांत. ओसाड विहीर. वर येणारा किंवा बुडणारा माणूस. त्यावर ते पुस्तक काढतायत. आता त्यांना जाऊन सांगू, की क्षमा करा, हा मसाल्याचा कारखाना आहे?”

‘मसाल्याचा कारखाना’ या शब्दांवर सरांनी मान वर केली. इतक्या दिवसांत त्यांनी डॉक्टरांकडे नीट पाहिलं ते तेव्हाच.

“प्रस्तावना बदला,” मी म्हणालो.

“प्रस्तावना बदलेन. मत कसं बदलू? ते छापून आलंय.”

“चित्र तेच आहे की.”

“चित्र तेच आहे. पण पिवळ्याला पुस्तक मिळणार नाही. प्रदर्शन तर नाहीच. हे मी धमकी म्हणून सांगत नाही. मी त्या लोकांना ओळखतो.” ते सरांकडे वळले. “चित्रं तुमची आहेत सर. तुम्ही म्हणाल ते. पिवळं म्हणालात तर मी हा विषय इथंच थांबवतो आणि तुमची माफी मागून जातो.”

आता आम्ही तिघंही सरांकडे बघत होतो. काकूंनी मांडीवरची पिशवी खाली जमिनीवर ठेवली. त्यांना मी पिशवी खाली ठेवताना कधी पाहिलं नव्हतं.

“निळं छापा,” सर म्हणाले.

खाली रस्त्यावर एक भंगारवाला ओरडत गेला.

“आप्पांचं तेवढं एक...” काकू म्हणाल्या.

“सगळी निळी,” सर म्हणाले. “मधेच एक पिवळं ठेवलं तर ती चूक वाटेल.”

काकूंनी पिशवी उचलली. “रिक्षा बघते मी,” म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. उकिडव्यांनी वही काढून लिहिलं आणि लिहिताना मोठ्यानं म्हणाले, “कलाकृतीबाबत कलावंताचा निर्णय अंतिम.” मग तेही गेले. त्यांना गाडी गाठायची होती.

सर बसूनच होते. मी यंत्रावर साडी टाकली.

“तुला राग आला,” ते म्हणाले.

“मला कशाला येईल? चित्रं तुमची.”

“मला पहिल्या दिवशीच कळलं होतं रे.”

मी साडीची सुरकुती सरळ केली.

“स्कॅन दाखवायला आले, त्यांनी लॅपटॉप उघडला, आणि माझी पेवं निळी. म्हटलं, सांगावं. तोंडसुद्धा उघडलं होतं. पण तो माणूस बघत होता. हिनं चहा दिला होता, कप हातात तसाच. चहावर साय धरली तरी बघत होता. म्हटलं, बघू दे थोडा वेळ, मग सांगू.” ते हसले. “तो थोडा वेळ अजून संपला नाही.”

“पण सर, खरी चित्रं कितीतरी...”

“मुंबईला लावली होती ही. तुला माहीत नसेल, तू शाळेत होतास. एकदाच. हिच्या आप्पांनी फळ्या बांधून दिल्या होत्या ट्रकवर. हळदीच्याच ट्रकवर. उद्घाटनाला एका मोठ्या माणसाला बोलावलं होतं. तो या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेला. थांबला नाही कुठं. दारात माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, मास्तर, हळदीच्या पुड्यांवर छान दिसतील. सगळे हसले.” त्यांनी पेल्यात उरलेलं पाणी संपवलं. “मीपण हसलो.”

खालून रिक्षाचा हॉर्न आला.

“खरा रंग लोकांनी बघून झालाय, मुकुंद. एकदा बघितलाय.”

“आणि काकू?”

“तिचं काय,” सर उठत म्हणाले. “तिनं आप्पांना प्रत्यक्ष बघितलंय.”

मग मी माझ्या कारकिर्दीतलं सगळ्यात काटेकोर काम केलं. अमेरिकी चौकोन काळ्या लिफाफ्यात परत घातले आणि यंत्र चुकीच्या चौकोनांवर जुळवलं. बरोबर प्रोफाइल कुणीही काढील. दुसऱ्याच्या चुकीशी तंतोतंत जुळणारी चूक काढायला हात बसलेला लागतो. उकिडव्यांनी फोन करून कौतुक केलं. ‘अगदी तोच निळा,’ म्हणाले.

आप्पांचा पिवळा प्रिंट मात्र मी वेगळा काढला आणि काकूंना नेऊन दिला. त्यांनी तो कोपऱ्यावरच्या दुकानातून काच लावून आणला आणि जेवायच्या खोलीत, देवाच्या फोटोंच्या रांगेत, पण जरा खाली लावला.

पुण्याच्या प्रदर्शनाला मी गेलो होतो. मोठमोठे निळे आप्पा, प्रत्येकावर स्वतंत्र दिवा. लोक थांबत होते, मागं सरकून बघत होते, पुन्हा जवळ जात होते. सरांना जो तो विचारत होता, की हा निळा आला कुठून. सकाळी सर म्हणत होते, “सांगता येणार नाही.” दुपारी म्हणायला लागले, “कृष्णेतून असेल.” संध्याकाळपर्यंत “आतून” म्हणायला शिकले होते.

काकू आपल्या वडिलांसमोर उभ्या होत्या. कला महाविद्यालयातली एक मुलगी शेजारी येऊन हळूच म्हणाली, “आजी, किती एकटा आहे ना हा माणूस?”

“एकटा कुठला?” काकू म्हणाल्या. “खाली पेवात त्यांच्यासंगं दोघंजण असायचे. वर दोर धरायला माणसं. दुपारी जेवायला सगळी आमच्यात. भाकऱ्या थापून आईचा हात गळून जायचा.”

मुलगी समजुतीनं हसली आणि पुढच्या एकटेपणाकडे गेली.

एवढ्यावर थांबलं असतं तर मी ही गोष्ट विसरलो असतो. पण पुस्तक निघाल्यावर सरांनी पुन्हा ब्रश हातात घेतला. पुरानंतर त्यांनी काही रंगवलं नव्हतं. एक दिवस निरोप आला, येऊन बघून जा. गेलो. पुढच्या खोलीत ओळीनं नव्या फळ्या होत्या. निळी पेवं, निळे आप्पा, निळा कंदील. यंत्राच्या चुकीनं झालेल्या निळ्याला निदान काही वेड होतं. हा निळा दुकानातून आणलेला होता. सर माझ्या तोंडाकडे बघत होते, परीक्षेच्या निकालाला उभ्या असलेल्या पोरासारखे.

‘वांगे चांगले आहे’ असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हणालो, “वा.”

सरांच्या घरी लोकांचं येणं-जाणं वाढलं होतं. विद्यार्थी यायचे, कुणी माहितीपट करायला यायचं, आणि सगळ्यांना हात धुवायला जेवायच्या खोलीतून मोरीकडे जावं लागे. तिथं पिवळा प्रिंट दिसला, की हटकून प्रश्न यायचा: “याचा रंग उडालाय का हो?”

“प्रिंट बिघडलाय तो,” सर बाहेरच्या खोलीतून सांगायचे.

काकू आत भाजी चिरत असायच्या.

सर गेले त्याला आता काही वर्षं झाली. उकिडव्यांनी मोठा लेख लिहिला. लेखात निळा इतक्या वेळा आला होता, की मला वाटलं, सरांना पोहता येत होतं का हे तरी एकदा विचारायला हवं होतं. त्यांच्या शेवटच्या फळ्या पुण्याच्या संस्थेनं नेल्या. घरात आता बाकी काही निळं राहिलं नसणार, असा हिशेब मी केला होता.

म्हणून एका सकाळी सुमतीकाकू जिना चढून आल्या आणि त्यांनी कापडी पिशवीतून आप्पांची स्लाइड आणि टॉवेलमध्ये गुंडाळलेला तो पिवळा प्रिंट काढला, तेव्हा मला मनातून फार बरं वाटलं. फ्रेम त्यांनी घरीच ठेवली होती. म्हटलं, आता आप्पा पुढच्या खोलीत येणार. मोठे होणार. मी न विचारताच कपाटातून काळा लिफाफा बाहेर काढला. यंत्रावरची साडी बाजूला केली. दिवासुद्धा लावला, तापू दे म्हणून.

“केवढा मोठा करायचा काकू?”

“मोठा नको,” काकू म्हणाल्या. “निळा करून दे.”

मी लिफाफा हातात धरून तसाच उभा राहिलो.

“असा काय बघतोस? ये-जा करणाऱ्याला रोज सांगत बसायचं, हा खरा आणि तो खोटा. सांगितलं की म्हणतात, आजींच्या लक्षात नसेल. यांचंच पुस्तक काढून मलाच दाखवतात. परवा तर नातीनं विचारलं, आज्जी, पणजोबांना कावीळ झाली होती काय गं?” त्यांनी टॉवेलची नीट घडी घातली. “दमले बघ मी.”

“पण काकू, आप्पा तर...”

“मला माहिताय की आप्पा कसे होते.”

त्यांनी घडी केलेला टॉवेल पिशवीत घातला आणि त्या दाराकडे निघाल्या. दिवा तापला होता. यंत्रानं तयार असल्याचा आवाज दिला.

“मी मंडईतून कोथिंबीर घेऊन येते तोवर,” त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरून म्हणाल्या. “आणि मुकुंदा, माप तेवढं हेच ठेव. फ्रेम तीच वापरायचीय.”